आई म्हणते

आमच्या केंद्रात मला फॉर्मबाई म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण चहाच्या खोलीचं दार नीट लागत नाही, त्यामुळे सगळं ऐकू येतं. मला त्याचा राग नाही. लहान मुलांच्या मानसिक आरोग्य केंद्रात बारा वर्षं मी फॉर्म भरतेय, तेव्हा मला दुसरं काय म्हणणार? डॉक्टर मुलांशी बोलतात, जमिनीवर बसून ठोकळे रचतात, चित्रं काढून घेतात. पण मूल डॉक्टरांपर्यंत पोचणार की नाही हे आधी फॉर्म ठरवतो, आणि तो मी भरते. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. माझ्या हातून काय झालं ते कळावं म्हणून सांगतेय.

मागच्या वर्षी आमच्या मोठ्या मॅडमनी एक अभ्यास काढला. मोठ्या मॅडम म्हणजे संशोधन विभागाच्या प्रमुख. चष्मा डोक्यावर आणि शोधाशोध टेबलावर, अशा. मनाने चांगल्या. त्यांच्या लक्षात आलं की शहराच्या खालच्या भागात बाहेरच्या मुलखांतून येऊन राहिलेली इतकी कुटुंबं आहेत, शाळांचे वर्ग त्यांच्या मुलांनी भरलेत, पण आमच्या बाहेरच्या बाकावर त्यातलं एकही मूल दिसत नाही. "त्यांच्या मुलांना काही होतच नाही का?" असं त्यांनी बैठकीत विचारलं. सगळ्यांनी गंभीर चेहरे केले. चार महिन्यांनी अभ्यास मंजूर झाला.

साठ कुटुंबं. घरी जाऊन भेटायचं आणि आईला पंचवीस प्रश्न विचारायचे. उत्तरं तीनच: कधीच नाही, कधी कधी, नेहमी. त्यांचे गुण शून्य, एक, दोन; झोप-जेवणासारख्या प्रश्नांना उलटे. बेरीज सतरा किंवा त्याच्या वर गेली तर डॉक्टर मुलाला पंधरा दिवसांत बघणार, आणि अशा वीस जागा खास या अभ्यासासाठी राखून ठेवल्या होत्या. सतराच्या खाली आली तर घरी एक माहितीपत्रक द्यायचं. त्यावर हसऱ्या मुलाचा फोटो होता. कुणाचं नाव लिहायचं नाही, फक्त नंबर. संभाषण रेकॉर्ड करायचं. आणि दुभाषी फोनवरची घ्यायची. घरातलं माणूस दुभाषी म्हणून चालणार नाही, मूल तर नाहीच नाही. प्रशिक्षणात हे तीनदा सांगितलं. मी वहीत त्याखाली रेघ मारली होती. ती रेघ अजून आहे.

चव्वेचाळीस नंबरचं घर चौथ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट बंद. मुलगी दहा वर्षांची. शाळेतल्या बाईंनी तिचं नाव पुढे केलं होतं: मधल्या सुट्टीत डबा उघडत नाही, स्वच्छतागृहात जाऊन बसते, उजव्या कानामागचे केस विरळ झालेत. आई एका मोठ्या लॉन्ड्रीत इस्पितळांच्या चादरींना इस्त्री करायची. वडील लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे, तीन-तीन आठवडे घरी नसायचे. खोली एकच, पण लख्ख. टेबलावर वह्यापुस्तकं उंचीप्रमाणे रचलेली. फ्रिजच्या दारावर चुंबकांनी लावलेले कागद: विजेचं बिल, घरमालकाची नोटीस, दवाखान्याची तारीख. प्रत्येक कागदावर पेन्सिलीने बारीक अक्षरात त्यांच्या भाषेत काहीतरी लिहिलेलं. अक्षर मुलीचं होतं.

आईने मला खुर्ची दिली, स्वतः पलंगाच्या कडेवर बसली. मनगटाच्या आतल्या बाजूला इस्त्रीच्या चटक्यांच्या जुन्या खुणा. तिने माझ्याकडे बघून मान लववली आणि मी हसले. आमच्या दोघींच्या ओळखीची तेवढीच भाषा होती.

मी दुभाषीच्या नंबरवर फोन लावला. फोनमधली बाई गोड आवाजात म्हणाली, तुम्ही रांगेत सातव्या आहात. त्यांची भाषा येणाऱ्या दोनच दुभाषी आख्ख्या सेवेत होत्या. वीस मिनिटांनी गोड आवाज म्हणाला, तुम्ही रांगेत सहाव्या आहात. आठवड्याचा शेवटचा दिवस, दोन फॉर्म राहिलेले, पाच वाजता दुसऱ्या टोकाला दुसरं घर. माझा पारा चढायला लागला होता.

"मी सांगते ना," मुलगी म्हणाली.

"नको ग. तसं चालत नाही."

"सगळीकडे मीच सांगते. बँकेत, घरमालकाला, आईच्या दातांच्या डॉक्टरला. आईच्या कामावर पण फोन मीच करते." तिने हे बढाई मारत नाही सांगितलं. दात घासते, भांडी पुसते, तसं सांगितलं.

मी तिच्याकडे बघितलं. केसांना रुंद पट्टा लावलेला, कान झाकतील असा. हात मांडीवर. इतकी शहाणी पोर. मी फोन ठेवला, रेकॉर्डर चालू केला आणि पहिला प्रश्न वाचला.

ती फार हुशारीने काम करायची. माझा प्रश्न संपला की एक श्वास घ्यायची, आईकडे वळायची, सांगायची. आई बोलायची. मग मुलगी माझ्याकडे वळून म्हणायची, "आई म्हणते, कधी कधी." किंवा, "आई म्हणते, कधीच नाही." प्रत्येक उत्तराआधी 'आई म्हणते'. फोनवरच्या मोठमोठ्या दुभाषी हे विसरतात. मी मनात म्हटलं, शिकवावं तर हिने शिकवावं.

आठव्या की नवव्या प्रश्नाला आई बराच वेळ बोलली. हातवारे करून, मध्येच थांबून, एकदा छातीवर हात ठेवून. मुलगी वळली आणि म्हणाली, "आई म्हणते, नाही."

"एवढं बोलली, आणि उत्तर एवढंच?"

"आमच्या भाषेत लांब बोलतात," मुलगी म्हणाली.

मला हसू आलं. मी हसले. सोमवारी चहाच्या खोलीत मी हे सगळ्यांना सांगितलं आणि सगळे हसले. दोन-तीन दिवस कुणी फोनवर जास्त वेळ बोललं की, 'यांच्या भाषेत लांब बोलतात' असं चाललं होतं. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

पंचविसावा प्रश्न झाला. मी कागद आवरायला लागले तर आई पुन्हा बोलायला लागली, कुणी न विचारता. माझ्याकडे बघत, हळू. मी विचारलं, "काय म्हणतेय?"

मुलीने आईकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "आई म्हणते, चहा घ्याल का?"

"नको नको, मला घाई आहे. पुढच्या वेळी नक्की," मी म्हटलं. जिन्यातच बेरीज केली. अकरा. मुलगी जरा लाजरी असेल, शाळेतल्या बायका राईचा पर्वत करतात, असं वाटलं. परत वर जाऊन हसऱ्या मुलाचं पत्रक दिलं. आईने ते दोन्ही हातांनी घेतलं. फॉर्मवर शेवटी एक चौकोन होता: दुभाषी उपस्थित, हो की नाही. मी 'हो' वर खूण केली. खोटं कुठे होतं? दुभाषी उपस्थित होती की.

सहा आठवड्यांनी अभ्यासाचे पहिले आकडे आले. मोठ्या मॅडमनी ते पडद्यावर दाखवले. बाहेरून आलेल्या कुटुंबांतल्या मुलांमध्ये त्रासाचं प्रमाण अपेक्षेपेक्षा कमी आढळलं, साठांत जेमतेम वीस. मॅडम स्वतःच चक्रावल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, त्यांची कुटुंबं घट्ट असतात ना. दुसरं कुणीतरी म्हणालं, सोसायची सवय असते. मी बिस्किट चहात बुडवत होते. तोपर्यंत वीसच्या वीस जागा भरल्या होत्या आणि चव्वेचाळीस नंबर त्यात नव्हता.

त्याच आठवड्यात हेडफोनवाली आली. रेकॉर्डिंग ऐकून शब्दन् शब्द लिहून काढायचं तिचं काम. ती त्याच मुलखातली, पण लहानपणीच इकडे आलेली, दोन्ही भाषा अस्खलित. मंगळवारी यायची, कोपऱ्यातल्या टेबलावर बसायची, कुणाशी बोलायची नाही. त्या दिवशी दुपारी ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"चव्वेचाळीस तुम्ही केलंय ना?"

"हो. का?"

"जरा येता का?"

तिने हेडफोनचा एक कान मला दिला, एक स्वतःच्या कानाला लावला. रेकॉर्डिंग थोडं थोडं चालवायची, थांबवायची, आणि आई काय म्हणाली ते मला सांगायची. मग पुढे चालवायची, आणि मुलीचा आवाज यायचा.

मुलाला शांत झोप लागते का, असं मी विचारलं होतं. आई म्हणाली होती: "ती उठते आणि दाराची कडी बघते. तीनदा, चारदा. मग माझ्या नाकाशी बोटं धरून बसते, माझा श्वास चालू आहे का बघायला. मी जागीच असते. पण झोपल्याचं सोंग करते, नाहीतर तिला वाईट वाटेल."

आणि मग ती चिमणी, स्वच्छ आवाजात: "आई म्हणते, झोपते नीट."

मूल नीट जेवतं का? "शाळेचा डबा भरलेला परत आणते आणि मला खायला लावते. म्हणते, तू कामावर काही खात नाहीस. आता तिच्या फ्रॉकला मी दोन्हीकडून टाके घालते."

"आई म्हणते, जेवते. पालेभाजी आवडत नाही."

ती पालेभाजी आईने कुठेच म्हटली नव्हती. उत्तर खरं वाटावं म्हणून पोरीने स्वतःच घातली होती. आणि मी फॉर्मच्या समासात लिहिलं होतं, पालेभाजी आवडत नाही.

मूल स्वतःला इजा करतं का? या प्रश्नाला आई खूप वेळ बोलली होती. हाच तो हातवाऱ्यांचा प्रश्न. "ती केस उपटते. एकेक करून. उशीखाली सापडतात. मी ओरडले नाही, देवाशपथ एकदाही नाही. ते सगळे मी एका पाकिटात जपून ठेवलेत. डॉक्टर मागतील, तेव्हा दाखवायला हवेत ना." यानंतर टेपवर कुणीच बोलत नव्हतं. चार सेकंद, हेडफोनवालीने मोजले होते आणि कागदावर लिहिलेही होते. मग मुलगी म्हणाली, नाही. मग माझा आवाज, एवढं बोलली आणि उत्तर एवढंच? मग ते लांब बोलण्याचं. आणि मग माझं हसणं.

स्वतःचं हसणं असं कानात ऐकण्याची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

"अजून एक आहे," हेडफोनवाली म्हणाली. "शेवटी." तिने ते चालवलं, दोनदा ऐकलं, आणि माझ्याकडे न बघता सांगितलं. "आई म्हणते: या बाई चांगल्या वाटतात. त्यांना सांग, मला त्यांची भाषा येत असती तर हे सगळं तुझ्या तोंडून सांगायला लावलं नसतं. त्यांना सांग, मला माफ करा. आणि तू पण मला माफ कर."

चहा घ्याल का? नको नको, मला घाई आहे.

आम्ही दोघींनी एका कोऱ्या कागदावर आईच्या खऱ्या उत्तरांची बेरीज केली. एकतीस. साठांमध्ये एवढा आकडा कुणाचाच नव्हता.

मी तो कागद घेऊन मोठ्या मॅडमकडे गेले. काही लपवलं नाही. रेघ मारलेल्या नियमाचं सांगितलं, चौकोनातल्या खुणेचं सांगितलं. मॅडमनी चष्मा डोक्यावरून खाली घेतला. मला वाटलं आता झाडतील, आणि खरं सांगायचं तर झाडलं असतं तर बरं वाटलं असतं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अजून किती फॉर्म असे भरले गेलेत?"

मी आधीच विचारून आले होते. आम्ही फॉर्म भरणाऱ्या पाचजणी. बाकीच्या चौघींनी आधी कानावर हात ठेवले, मग एकेक करून कबूल झाल्या. रांगेत सातव्या असताना सगळ्यांनाच घाई होती.

"ते नंतर बघू," मी म्हटलं. "आधी या मुलीला जागा द्या."

मॅडमनी वीस जणांची यादी काढली. प्रत्येक नंबरापुढे बेरीज: अठरा, तेवीस, एकोणीस, सव्वीस. "सगळ्यांचं सुरू झालंय," त्या म्हणाल्या. "सांग, यातलं कोण काढू?"  मग त्यांनी माझ्यासमोर एक फोन केला, मग दुसरा. तातडीच्या विभागाला विचारलं. तिकडून विचारणा झाली, जिवाला धोका आहे का? मॅडम म्हणाल्या, केस उपटते, जेवत नाही. तिकडून सांगितलं, केस उपटणं तातडीत बसत नाही. वजन अमुक इतकं घटलं तर कळवा. म्हणजे पोर अजून वाळली की कळवा. शेवटी राहिली साधी प्रतीक्षा यादी. मॅडमनी तिथे नाव घातलं. तारीख आली चौदा महिन्यांनंतरची.

"निदान एक दुभाषी द्या," मी म्हटलं. "आईला नीट सांगून तरी येते."

"अभ्यासाचा दुभाषी-फोन घरभेटी संपल्या तसा बंद झाला. केंद्राची दुभाषी मिळते, पण भेटीच्या दिवशी."

"म्हणजे चौदा महिन्यांनी."

"हो," मॅडम म्हणाल्या. त्यांनी चष्मा परत डोक्यावर सरकवला, आणि थोड्या वेळाने टेबलावर शोधायला लागल्या. त्यांचे डोळे भरले होते. मला त्यांचा राग यायला हवा होता, तोही येईना.

मग मी हेडफोनवालीच्या मागे लागले. चल माझ्याबरोबर, अर्धा तास. ती हादरलीच. "मी गुप्ततेच्या कागदावर सही केलीये. आणि इथे आमची माणसं ती किती, साठ-सत्तर घरं. उद्या दुकानात ती बाई मला बघेल आणि तिला कळेल, हिला माझ्या घरातलं सगळं माहितीये. ती रस्ता बदलेल. तिला बोलायला इथे चार घरं असतील, त्यातलं एक कमी होईल." तिचं म्हणणं खरं होतं. हल्ली ज्याच्याकडे जावं त्याचं म्हणणं खरंच निघत होतं.

"मग मला एक वाक्य तरी शिकव," मी म्हटलं.

तिने विचार केला आणि शिकवलं. 'तुम्ही जे सांगितलंत ते सगळं मी ऐकलं.' मी ते आपल्या लिपीत एका चिठ्ठीवर लिहून घेतलं. तीन दिवस घोकलं. भाजी चिरताना, बसची वाट बघताना. नवरा म्हणाला, या वयात कसली परीक्षा आहे? मला वाटत होतं, आईला एवढं कळलं तरी पुष्कळ. तिने जीव ओतून सांगितलेलं वाऱ्यावर गेलं नाही, एवढं तरी.

शनिवारी दुपारी मी गेले. खालचं दार उघडायला मुलगीच आली. पट्टा आणखी रुंद होता. मला बघून ती दचकली नाही, पण दारातून बाजूलाही झाली नाही.

मी दाराबाहेरच्या पायरीवर बसले, म्हणजे आमची तोंडं समोरासमोर आली. "आई त्या दिवशी काय म्हणाली होती ते मला कळलंय," मी म्हटलं. "रेकॉर्डिंगवरून. सगळं."

ती भिंतीला टेकली. "आईला सांगणार?"

"मला सांगता कुठे येतं? का ग असं केलंस? तुझ्यासाठीच होतं ना ते सगळं."

"तुमच्याकडे गेलं की काय करतात?"

"डॉक्टर बोलतात तुझ्याशी. खेळतात. बरं वाटायला लागतं."

"शाळेच्या वेळात?"

"कधी कधी."

"मला आजारी ठरवतात ना?" तिने विचारलं. आणि तिनेच मला समजावून सांगायला घेतलं, मी लहान आणि ती मोठी असल्यासारखं. "मी आजारी असले तर आईचं कोण बोलणार? बँकेत ते म्हणतात, ही लहान आहे, चालेल का? मी म्हणते, चालेल, मला सगळं समजतं. आजारी मुलीचं कोण ऐकेल? आणि बाबांना कळलं तर ते ट्रक सोडून येतील. मग घरमालक परत कागद लावेल."

 मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. फ्रॉकच्या शिवणीखाली हाड लागलं. आम्ही वर गेलो.

आई मला बघून उठलीच. तिचा चेहरा असा उजळला की मला तिच्याकडे बघवेना. ती त्या दिवसापासून वाट बघत होती, उघड होतं. तिच्या लेखी तिने सगळं सांगितलं होतं, मी सगळं लिहून घेतलं होतं, आणि आता मी तारीख घेऊन आले होते. फ्रिजच्या दारावर ते हसऱ्या मुलाचं पत्रक लावलेलं होतं, सगळ्या कागदांच्या वर. त्यावर मात्र पेन्सिलीने काहीच लिहिलेलं नव्हतं.

मी केंद्राचं पत्र टेबलावर ठेवलं. पत्र इथल्याच भाषेत. मुलीने ते उचललं, ओठ हलवत वाचलं. चौदा महिने तिने वाचले, मला दिसलं, तिथे तिची नजर थांबली. मग ती आईकडे वळली आणि बोलली. छोटी दोन वाक्यं. आईने डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला, जीव भांड्यात पडल्यावर सोडतात तसा.

"काय सांगितलंस?" मी विचारलं.

"जे लिहिलंय तेच."

ती माझ्याकडे सरळ बघत होती. मला माहीत होतं की ते तेच नाही. चौदा महिने ऐकून कुठल्या भाषेतली आई असा श्वास सोडते? आणि मला हेही माहीत होतं की मी काही करू शकत नाही. मी 'नाही' म्हणून मान हलवली असती तर आई काय समजली असती? मुलगी खोटं बोलली, की मुलगी बरी होणार नाही? आणि ते तिला विचारायचं झालं तरी कुणाच्या तोंडून विचारणार होते?

माझ्या मुठीत चिठ्ठी होती. माझी अक्कल तेवढीच चालली. मी आईकडे वळले आणि ते वाक्य म्हटलं. अडखळत, पण पूर्ण. तुम्ही जे सांगितलंत ते सगळं मी ऐकलं.

आई क्षणभर बघतच राहिली. मग तिने माझे दोन्ही हात धरले आणि बोलायला लागली. कुणीतरी दाराला लावलेलं टेबल बाजूला केल्यासारखं. मला भाषा येते असंच तिला वाटलं असणार. ती रडत होती, हसत होती, मधूनच माझ्या हातांना कपाळ लावत होती. आणि मला तेव्हा कळलं मी काय करून बसले. तिला शंका म्हणून जेवढी उरली असेल तेवढीही मी पुसून टाकली होती. आता तिची खात्रीच पटली होती की डॉक्टर लवकरच मुलीला बघणार. मी एकच वाक्य शिकून गेले होते. 'पण तारीख फार लांबची आहे' हे दुसरं शिकायला हवं होतं, आणि ते मला सुचलंच नव्हतं.

तिने कपाटातून एक पाकीट काढलं. पांढरं, लांबट, पत्राचं असतं तसं, नीट चिकटवलेलं. ते माझ्या हातात ठेवलं आणि माझी बोटं त्यावर मिटवली. पाकिटाला वजन नव्हतंच. आत काहीतरी मऊ होतं. मुलगी पाकिटाकडे बघत होती. ते घरात आहे हे तिला टेपच्या दिवशीच कळलं होतं, पण तिने ते डोळ्यांनी आत्ता बघितलं. तिचा हात उजव्या कानामागे गेला आणि पट्ट्यावर थांबला.

आई अजून बोलतच होती. आता मुलीकडे बघून, हनुवटीने माझ्याकडे खूण करत: सांग, यांना सांग.

मी मुलीकडे वळले. दुसरं कोण होतं?

"काय म्हणतेय आई?"

तिने एक श्वास घेतला. तिचा आवाज त्या दिवशीसारखाच स्वच्छ होता.

"आई म्हणते, चहा घ्याल का?"

"घेते," मी म्हटलं, आणि पाकीट मांडीवर धरून खुर्चीत बसले.